रंगनाथ मिस्त्रीचा हात

सातपूरच्या कारखान्यांमागच्या गल्लीत रंगनाथ मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेजला पाटी नव्हती, आणि पाटीवाचून त्याचं कधी अडलंही नव्हतं. घोटीपासून कळवणपर्यंत ज्या ड्रायव्हरच्या हातात स्टेअरिंग थरथरायला लागायचं, त्याला दुसरा ड्रायव्हर एवढंच सांगायचा, की एकदा रंगनाथचा हात लावून घे. इंजिनाला आणि ब्रेकला नाशकात मिस्त्री काय, पैशाला पासरी होते. पण पुढच्या चाकांचं दुखणं शोधावं ते रंगनाथनेच. गाडीखाली उताणा पडून तो डोळे मिटायचा. वर बसलेला माणूस स्टेअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवायचा आणि रंगनाथ एकेका सांध्यावर उजव्या हाताची बोटं ठेवत जायचा. केसभर ढिलेपणा असला तरी बोटांना कळायचा. मग तो डोळे उघडून म्हणायचा, "सापडला चोर."

गेले आठ महिने त्या बोटांना काही कळत नव्हतं.

आधी मुंग्या आल्या, मग टोकं बधिर झाली, आणि आषाढात कधीतरी तळव्यापर्यंतचा हात लाकडाचा होऊन बसला. डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, गोड बंद केलं. रंगनाथने गोळ्याही घेतल्या आणि गोडही सोडलं, पण हाताचं काही त्याने कोणाला सांगितलं नाही. घरी बायकोला, संध्यालासुद्धा नाही. सांगून करायचं काय? ज्या हातावर लोक वीस-पंचवीस कोसांवरून येतात तोच गेला म्हटल्यावर रंगनाथमध्ये उरतं काय? शिवाय हात बधिर झाला म्हटलं की लोकांच्या मनात आधी महारोग येतो, साखर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्याने मूठ झाकली.

आणि निभावतही होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. सांधा झिजला की त्याच्या तोंडाशी लोखंडाची तांबूस पूड जमते, ती डोळ्यांना दिसते. स्टेअरिंग हलवलं की झिजलेला सांधा टक् करून वाजतो, तो कानाला कळतो. डोळे आणि कान शाबूत होते. डोळे मिटायचं सोंग तेवढं त्याने चालू ठेवलं होतं, कारण लोकांना ते बघायची सवय होती.

नव्व्याण्णव सालच्या होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, बहिरूचा ट्रक गल्लीत शिरला.

बहिरू पेठच्या पलीकडच्या डोंगरातला. तिघा भावांनी मिळून देवळालीकडच्या लिलावात मिलिटरीचा जुना ट्रक घेतला होता, चारही चाकांनी ओढणारा. पावसाळ्यात गावापुढची नदी आडवी यायची म्हणून बहिरूने कमानींमध्ये जादा पाटे घालून, खाली लोखंडी ठोकळे देऊन गाडी चांगली वीतभर वर उचलून घेतली होती. गाडी उचलली की माणसं खूश होतात, दुरूनच रुबाब दिसतो. स्टेअरिंगला मात्र कोणी विचारत नाही. वरचा सांगाडा वर जातो, खालचा आस खालीच राहतो, आणि दोघांना जोडणारी दांडी, जी आडवी असायला हवी, ती घसरगुंडीसारखी तिरपी होते. मग तिच्या टोकांचे सांधे वाकड्या मानेने काम करतात आणि लवकर झिजतात. वर टायरही मोठे घातलेले. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

मागे हौद्यात एकतीस माणसं होती, बायका, पुरुष, कडेवरची पोरं, कोंबड्या, भांड्यांची गाठोडी. पिंपळगावच्या द्राक्षबागांवर महिनाभर राबून ती होळीला घरी निघाली होती. डोंगरातला माणूस दिवाळीला एक वेळ येणार नाही, पण होळीला गावी नाही असं होत नाही. उद्या रात्री होळी पेटणार होती आणि आज उजेडातच सावळघाट उतरायचा असं ठरलं होतं.

रंगनाथने सगळ्यांना खाली उतरायला लावलं. ती भिंतीच्या सावलीला बसली. बहिरूने काय झालं ते सांगितलं. आता ह्या माणसांना न्यायला निघाला तेव्हा गाडी रिकामी होती, काही झालं नाही. पण महिन्यापूर्वी त्यांना बागेवर आणताना, भरलेली गाडी घाट चढून सपाटीला लागली आणि एका खड्ड्यात डावं चाक आपटलं, तशी पुढची दोन्ही चाकं नाचायला लागली. स्टेअरिंग हातातून सुटून आपोआप डावी-उजवी फिरायला लागलं, अंगठा मुरगळला. गाडी अगदी उभी केली तेव्हाच ते थांबलं. सपाटीवर होता म्हणून वाचला. आज त्याला तोच घाट उतरायचा होता.

रंगनाथ वाकून गाडीखाली बघायला लागला. सगळं लखलखीत होतं. चिखल नाही, धूळ नाही, तांबूस पूड तर औषधालाही नाही. प्रत्येक सांध्याच्या तोंडातून ताजं पिवळं ग्रीस बाहेर आलेलं.

"धुऊन आणलीस?"

"सकाळीच धुतली. ग्रीसबी मारलंय सगळीकडं, ठासून," बहिरू म्हणाला. "तुमच्या हाताखाली आणायची, अन् घाणेरडी कशी आणू?"

डॉक्टरकडे जाताना आधी ताप उतरवून जातोस का रे, असं रंगनाथने विचारलं. भिंतीशी बसलेली माणसं हसली, बहिरूही ओशाळून हसला. त्याने मानच राखला होता मिस्त्रीचा, अंघोळ घालून पोर देवळात न्यावं तसा ट्रक आणला होता. पण पाण्याने पूड गेली होती आणि ग्रीसने आवाज. ठासून भरलेलं ग्रीस झिजलेल्या सांध्यालाही दिवसभर घट्ट धरून ठेवतं, वाजू देत नाही. मग ओळखायला एकच गोष्ट उरते, हात.

काम तर सुरू करायलाच हवं होतं. बहिरूला त्याने वर बसवलं आणि स्टेअरिंग हलवायला सांगितलं. पहिला चोर लगेच सापडला. तिरप्या दांडीचं वरचं टोक इतकं ढिलं होतं, की ग्रीसही त्याला लपवू शकलं नाही, नुसत्या डोळ्यांना दिसलं. रंगनाथने ते टोक काढून नवं घातलं. मिलिटरीच्या गाड्यांचे सुटे भाग तो जपून ठेवायचा, त्यामुळे बाजारात जावं लागलं नाही. मग जॅक लावून एकेक चाक उचललं, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, बेअरिंग जरा आवळली. दोन तास गेले. मनावरचं ओझं थोडं हलकं झालं. दुखणं होतं, ते सापडलं, संपलं. असं त्याला वाटलं, किंवा वाटून घ्यायचं होतं.

पण चाक उचललं की सांध्यावरचा भार जातो, आणि आतली स्प्रिंग गोळा पुन्हा जागेवर दाबते. आजारी माणसाने पाहुणे आले की उठून बसावं, तसा झिजलेला सांधा जॅकवर शहाणा होतो. त्याला पकडायचा तर गाडी आपल्या चाकांवर उभी हवी आणि सांध्यावर बोटं हवीत. पंचवीस वर्षांत हे वाक्य रंगनाथने किती ड्रायव्हरांना ऐकवलं असेल त्याला गणती नव्हती.

तो पुन्हा गाडीखाली गेला. दोन्ही पुढच्या चाकांना एकमेकांशी बांधणारी जाड आडवी सळई असते, टायरॉड. तिच्या दोन टोकांना दोन सांधे, आणि प्रत्येक सांध्यात वाटीत बसवलेला पोलादी गोळा. तो गोळा वाटीतून निसटला तर दोन चाकं दोन दिशांना जातात आणि ड्रायव्हरच्या हातात नुसतं गोल चक्र उरतं. रंगनाथने डाव्या टोकावर बोटं ठेवली. डोळे मिटले.

"हलव."

बहिरूने हलवलं. रंगनाथला काही कळलं नाही. थंड की गरम तेही कळलं नाही. त्याने सवयीप्रमाणे "हं" म्हटलं आणि उजव्या टोकाकडे सरकला. तिथेही बोटं ठेवली, चांगली दाबून ठेवली, मागून अंगठ्यानेही धरलं. वरून बहिरू स्टेअरिंग हलवत होता. रंगनाथने डोळे उघडून सांध्याकडे पाहिलं. ग्रीस चमकत होतं. काही हललं का? हललं असंही वाटलं आणि नाही असंही. चाळिशीचा चष्मा वर पाकिटात राहिला होता.

"हं," तो म्हणाला. "ठीक आहे."

मग रिकामी गाडी घेऊन दोघे त्र्यंबक रस्त्यावर एक चक्कर मारून आले. गाडी सुतासारखी सरळ चालली. परत येऊन रंगनाथने सांगितलं, की आता जायला हरकत नाही. बहिरूच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. त्याने माणसांना चढायला हाक दिली. गाठोडी वर जायला लागली, कोंबड्या कलकलल्या, एका बाईने पोराला वर धरून कोणाच्या तरी हातात दिलं. साडेचार झाले होते. आत्ता निघाले तर घाट उजेडात उतरणार होते.

रंगनाथ चिंधीला हात पुसत उभा होता. तेव्हा पुतळाबाई त्याच्यासमोर येऊन थांबली. साठीची, काटक, आखूड लुगड्याचा काष्टा घातलेली. या माणसांना बागेवर घेऊन येणारी आणि परत नेणारी तीच होती. तिच्या शब्दाबाहेर त्यांच्यातलं कोणी जात नसे.

"मिस्त्रीदादा, रगत निघालंय तुमचं," ती म्हणाली.

चिंधी लाल झाली होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटात, नखाच्या खाली, सांध्याच्या नटात घालतात त्या पिनेचा तुटका तुकडा काट्यासारखा उभा घुसला होता. रंगनाथ त्याच्याकडे बघतच राहिला. पुतळाबाईने त्याला विचारलंही नाही. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, दोन बोटांच्या नखांमध्ये तो तुकडा धरला आणि ओढून काढला. भळकन रक्त आलं. ती त्याच्या हाताकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"दुखलं?"

"जरासं."

"नाय दुखलं," ती म्हणाली. "लय जनांच्या पायातलं काटं काढलंत मी. मानूस तोंड वाकडं करतोच. तुम्ही नाय केलं."

ती हळू बोलली होती, कोणी ऐकलं नव्हतं. तिने त्याचा हात सोडला, आणि लगेच पुन्हा धरला, बहुतेक तिच्याही मनात त्या दुसऱ्या रोगाचा विचार येऊन गेला असेल. रंगनाथने घाईघाईने सांगितलं की साखर आहे, नुसती साखर, डॉक्टरांचा कागद आहे. तिने मान हलवली. मग तिने गाडीखाली बोट दाखवून विचारलं, की आत्ता ह्याच हातानं बघितलं काय?

रंगनाथला तिचा राग आला. एवढा राग, की तिला हाकलून द्यावं असं वाटलं. उत्तर सोपं होतं. डाव्या हाताने बघितलं म्हणायचं. नाहीतर, मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं, असं म्हणायचं. गाडी भरत आली होती. वीस जण चढले होते. कदाचित टायरॉड चांगलाही असेल. असेलच. शंभरातल्या नव्वद गाड्यांचा असतो. आणि हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतं? आज तिला सांगितलं तर उद्या पेठपासून सुरगाण्यापर्यंत कळेल की रंगनाथ मिस्त्री संपला. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तरी तो हे सगळं मोजत राहिला.

हौद्यातून मघाचं ते पोर खाली बघून रडत होतं. त्याची आई त्याला सांगत होती, की आता घरी जायचं, आता घरी जायचं.

रंगनाथ पुढे गेला आणि बहिरूला म्हणाला, "चावी काढ. सगळ्यांना उतरव."

बहिरूला आधी थट्टाच वाटली. मग रंगनाथने सांगितलं. उभ्याउभ्या, सगळ्यांसमोर, जमिनीकडे बघत सांगितलं की माझ्या हाताला कळत नाही, आठ महिने झाले, वरचं टोक डोळ्यांना दिसलं म्हणून बदललं, खालच्या सांध्यांचं मी 'ठीक' म्हणालो ते खोटं आहे. खोटं म्हणजे मला माहीत नाही. बोलताना त्याचा आवाज चिरका झाला आणि ते त्यालाच ऐकवेना.

मग हौद्यातून कुरकुर सुरू झाली. ऊन कलायला लागलं होतं. एकाने वरूनच विचारलं, की आत्ता गाडी चालवून बघितली ना, सरळ चालली ना, मग झालं की. बहिरूही तेच म्हणायला लागला. त्याला होळी होती, घर होतं, आणि एकतीस माणसांचं ऐकून घ्यायचं होतं. रंगनाथने त्याला सांगितलं की मी स्टेअरिंगवर बसतो, तू खाली जाऊन सांध्यांना हात लाव.

माणसं कुरकुरत खाली उतरली आणि बहिरू गाडीखाली गेला. रंगनाथने स्टेअरिंग हलवलं.

"ठीक हाय," खालून आवाज आला.

"दुसरा?"

"तोबी ठीक हाय."

इतक्या झटपट आलं ते उत्तर, की रंगनाथला हसावं की रडावं कळेना. ज्याला जायचं असतं त्याच्या हाताला काही कळत नाही. आठ महिने आपणही तेच करत होतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. हात बधिर झाला तो रोगाने, पण 'ठीक आहे' म्हटलं ते आपण.

तो खाली उतरला. मघाशी काढलेलं जुनं टोक टेबलावर पडलं होतं. ते आणि एक नवं टोक त्याने पुतळाबाईपुढे ठेवलं.

"मावशी, ही दोन धरून बघा. ही खालची वाटी, हा वरचा दांडा. दांडा हळूच हलवा आणि वाटीवर बोट ठेवा."

तिने नवं आधी घेतलं. मग जुनं. जुनं तिने बराच वेळ हातात फिरवलं.

"ह्यात दांडा आधी हालतो," ती म्हणाली. "वाटी मागनं येती. नव्यात दोनी संगंच."

"एवढंच बघायचं. संगं हलतंय की मागून येतंय. जायला उशीर होतोय हे मनात आणू नका. काही कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. ठीक आहे म्हणू नका."

दोघा-तिघा बाप्यांनी तोंडं फिरवून हसू दाबलं. बायकांतली एक मात्र पुढे आली आणि गाडीखाली अंथरायला गोणपाट टाकून गेली. पुतळाबाईने काष्टा खोचला, डोक्यावरचा पदर घट्ट बांधला आणि ती गाडीखाली सरकली. रंगनाथ तिच्या बाजूला उताणा झाला. त्याने तिचा हात नेऊन आधी नव्या टोकावर ठेवला, जे चांगलं आहे हे माहीत होतं. बहिरू वर बसला होता.

"हलव. थोडंच. बोटभर."

"संगं," ती म्हणाली.

मग टायरॉडचं डावं टोक. तिने चारही बोटं सांध्याच्या फटीवर आडवी ठेवली, तिला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. बहिरूने हलवलं. तिने पुन्हा हलवायला लावलं, मग म्हणाली की हेबी संगंच हाय. रंगनाथने श्वास सोडला.

ते उजव्या टोकाकडे सरकले. त्याच टोकाच्या पिनेचा तुकडा त्याच्या बोटात घुसला होता, नटावर ताजं रक्त दिसत होतं. पुतळाबाईने लुगड्याच्या टोकाने तिथलं ग्रीस पुसून काढलं. बोटं ठेवली.

"हलव."

तिने बोटं आणखी दाबली.

"परत," ती म्हणाली. बहिरूने परत हलवलं. "अजून. हळू."

रंगनाथ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिने डोळे मिटले होते. बाहेर शेजारच्या कारखान्यातल्या प्रेसचा ठोका तेवढा ऐकू येत होता. त्याला मनातून वाटत होतं की तिने 'संगं' म्हणावं. एवढ्या सगळ्यानंतरही त्याला तेच वाटत होतं.

"ह्यो मागनं येतो," पुतळाबाई म्हणाली. "लय न्हाय. पर मागनंच येतो."

रंगनाथने नट सोडला. असला सांधा सोडवायचा तर दोन हातोड्यांनी दोन्ही बाजूंनी ठोकत बसावं लागतं, पंधरा-पंधरा मिनिटं जातात. त्याने पहिला ठोका मारला आणि सळई धप्पकन खाली आली. गोळा दांड्यासकट आपल्या जागी लटकत राहिला, वाटी सळईबरोबर खाली. दोघांमध्ये आता ग्रीसशिवाय काही नव्हतं. वाटीची कड झिजून नखाएवढी पातळ झाली होती आणि एका बाजूने तिला चीर गेली होती. कुठल्यातरी खड्ड्यात, भरल्या गाडीने, ब्रेक दाबला असता की ती उघडलीच असती.

रंगनाथने दोन्ही सुटे करून बाहेर आणले आणि बहिरू खाली येऊन ते बघत उभा राहिला. त्याने गोळा वाटीत घातला, बोटाने ढकलला आणि तो बाहेर आला. पुन्हा घातला, पुन्हा बाहेर आला.

"तुम्ही 'जा' म्हणला होता," तो म्हणाला. "माझी बायको हाय गाडीत. दोन पोरं हायेत."

बहिरूने शिव्या दिल्या असत्या तर रंगनाथला बरं वाटलं असतं, पण तो नुसता वाटी हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने ती खाली ठेवली आणि पाना उचलला.

नवा सांधा बसवला तो बहिरूनेच. रंगनाथ शेजारी बसून सांगत गेला, किती आवळायचं, पीन कशी घालायची, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत ना ते सुतळी लावून कसं बघायचं. डावं टोकही बदलून टाकलं, ते चांगलं होतं तरी. मग पुतळाबाई पुन्हा गाडीखाली गेली, सगळ्या सांध्यांवरून हात फिरवून आली आणि म्हणाली की आता सगळं संगं हालतंय. रंगनाथने बहिरूला बजावलं की ते ठोकळे काढ, गाडी खाली आण, नाहीतर सहा महिन्यांत हे नवे सांधेही खाशील. आणि यापुढे माझ्याकडे आणशील तर जशी असेल तशी आण. नंतर त्याच्या लक्षात आलं की 'माझ्याकडे' म्हणायचं आता काही कारण नव्हतं.

सात वाजत आले होते. आता रात्री घाट उतरायचा नाही, असं पुतळाबाईने ठरवलं. पेठ रस्त्यावर तिच्या ओळखीच्या बागायतदाराच्या शेडमध्ये रात्र काढायची आणि पहाटे निघायचं. होळी उद्या रात्री होती, चुकत नव्हती. माणसं पुन्हा चढली. आता कोणी कुरकुर करत नव्हतं. जाताना कोणी रंगनाथकडे पाहिलंही नाही, आणि ते त्याला बरंच वाटलं.

पुतळाबाई सगळ्यात शेवटी चढायला निघाली. एक पाय हौद्याच्या खिट्टीवर ठेवून ती थांबली.

"मिस्त्रीदादा, आठ महिनं म्हणलात," ती म्हणाली. "आनिक कुनाकुनाला 'जा' म्हणलं असंल तुम्ही?"

टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग कोणीतरी तिला हात देऊन वर घेतलं आणि ट्रक गल्लीच्या टोकाला वळून दिसेनासा झाला.

रंगनाथ खुर्चीवर बसला. बोटातलं रक्त थांबलं होतं. त्याला गाड्या आठवायला लागल्या. माणसांची नावं तो विसरायचा, पण गाडी कधी विसरत नसे. कळवणची कांद्याची गाडी, श्रावणात. हिरवा टेम्पो, ज्याच्या आरशाला लाल रिबीन होती. सप्तशृंगीच्या वाटेवर चालणारी जीप, तिचे तर चारही सांधे त्याने 'हं हं' करत पार केले होते. ग्रीस ताजं होतं का त्यांचं? धुऊन आणल्या होत्या का? काही धुऊनच आणल्या असतील. त्याच्याकडे यायचं तर लोक गाडी धुऊनच आणत. आपला मान किती जणांच्या जिवावर उठलाय हे त्याला कळेना, आणि तो इतका घाबरला की बसवेना.

कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ होतं. तो दिवाही न लावता, गॅरेज तसंच उघडं टाकून तिथे गेला. सगळ्यांचे नंबर नव्हते. ज्यांचे होते तेही शेजारच्या दुकानांचे, निरोप देऊन बोलवावं लागणारे. पहिला नंबर त्याने घोटीच्या एका किराणा दुकानाचा लावला. त्या दुकानासमोर राहणारा सहादू भाताच्या गिरणीवरचे कामगार घेऊन रोज कसारा घाट उतरायचा. पंधरा दिवसांपूर्वी तो गाडी दाखवून गेला होता. बटणं दाबताना रंगनाथला डाव्या हाताचं बोट वापरावं लागलं.

दुकानदाराने सहादूला हाक मारली. तो यायला बराच वेळ लागला. मागे पोरांचा कालवा, कोणीतरी हलगी वाजवत होतं.

"कोण, मिस्त्री? बोला की. आज कशी आठवण काढली?"

"सहादू, उद्या गाडी काढू नकोस," रंगनाथ म्हणाला. "दुसऱ्या कोणाकडून तरी पुढची चाकं बघून घे. त्याने हात लावून सांगेपर्यंत घाटात नेऊ नकोस."

पलीकडे सहादू हसला.

"दुसऱ्याला कशाला दाखवायची? तुम्हीच तर हात लावून बघितली की."

"म्हणूनच सांगतोय," रंगनाथ म्हणाला.